दुसरी टोपली

दस्तगीर मुलाणी सायकल खाली झेरॉक्सवाल्यापाशी लावतो,
कॅरिअरवर रिकामे ट्रे, सुतळीनं आवळलेले.
वर म्हणजे माझी खोली, नारायण पेठेत,
सात खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी.
तो तीच घेतो.

इंग्रजी कशाला हवंय, पहिल्या दिवशी विचारलं होतं.
तहसीनची शाळा, मॅडम. आईबापांचीही मुलाखत घेतात.
अजून कुठे भरलाय फॉर्म?
नाही. एकच.

म्हणून त्या गुरुवारी मी मुद्दाम
अंड्यांची म्हण घेतली.
सगळी एका टोपलीत ठेवू नयेत,
पडली टोपली की संपलं.
बाकीच्यांनी खाली मान घालून उतरवून घेतलं.
दस्तगीर हसला.
हे ज्यानं लिहिलं, त्यानं अंडी वाहिली नसणार.

मग उभा राहिला, हातानं थर दाखवत:
सात ट्रे. दोनशे दहा नग.
कॅम्पातून डेक्कनपर्यंत
खड्डे मला तोंडपाठ.
फुटतात कधी? मध्ये दोन खण रिकामे राहिले की.
वरचा ट्रे तिथं खचतो,
भार शेजारच्यावर येतो.
भरल्या ट्रेतलं अंडं गप्प बसतं.
आणि दुसरी टोपली म्हणाल, मॅडम,
तर दुसरी सायकल लागेल,
दुसरा दस्तगीर लागेल.

वर्ग हसला, मीही हसले.
रात्री कणीक मळताना आठवलं,
आपल्यात तर उलटंच बजावून ठेवलंय:
दोन डगरींवर पाय नको,
एक ना धड, भाराभर चिंध्या.
आई दोन्ही म्हणायची, मी हरले की.
इंग्रज एकाला भितो, आपण दोनाला,
आणि पाय घसरतो तो
कुठल्याच भाषेला विचारून घसरत नाही.

माझं म्हणाल तर
सकाळी कोर्टाच्या कागदांचं भाषांतर,
दुपारी पोस्टाची एजन्सी, संध्याकाळी हा वर्ग,
शिवाय दिवाळीत चकलीची भाजणी.
चार टोपल्या, प्रत्येकीत एकेक अंडं,
आणि रात्री चारदा उठून बघायचं.

पुढच्या वेळी प्लॅन बी शिकवला.
बी म्हणजे पेरायचं? त्यानं विचारलं.
मी नाही म्हणणार होते.

मागचे पूल जाळू नयेत, हेही घेतलं.
पुण्यात कशाला जाळायचे, तो म्हणाला,
खडकवासल्यातून पाणी सोडलं
की भिडे पूल आपसूक जातो.
मग मी लकडी पुलावरून.
लांब पडतं.
मी खडू रोखला त्याच्यावर:
म्हणजे आहे की तुझ्याकडे दुसरा पर्याय!
रस्ता दुसरा आहे, मॅडम.
अंडी तीच.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी उशिरापर्यंत थांबला.
शर्टाला इस्त्री, जणू आजच आहे.
त्यांनी विचारलं, आणखी कुठे अर्ज केलाय, तर काय सांगू?
पंचवीस वर्षं शिकवतेय मी.
चांगली वाक्यं होती माझ्याकडे, तीनचार तरी,
एकात दोन शाळांची नावंसुद्धा घालता आली असती.
खरं ते सांग, म्हणाले.
जिना उतरताना तो घोकत होता,
पायरीला एकदा:
ओन्ली हिअर, सर.
ओन्ली हिअर.
खाली सायकलचं स्टँड खटकन उडालं.

आज गुरुवार. सव्वासात.
केळकरांच्या सुनेनं डुगडुगत्या खुर्चीवर पर्स ठेवली.
तिथं नको, मी म्हणाले,
जरा जास्तच जोरात.
फळ्यावर तारीख घातली
आणि नवी म्हण सुचेना.